दुसऱ्या मेकॅनिकला पाना लावू देण्याआधी

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी माझ्या पल्सर 150 चं हाफ इंजिन काम करून घेतलं. बोअर मारून (सिलिंडर आतून थोडा मोठा कापून) नवा पिस्टन-रिंग सेट टाकला, वॉल्व ग्राइंडिंग केलं. 14,500 रुपये यूपीआयने दिले, बिल मिळालं नाही. आता गाडी मिसिंग करते, पिकअप नाही, निळा धूर मारते. गॅरेजवाले म्हणतात, "रनिंग-इनमध्येच (नवे भाग बसेपर्यंतच्या सुरुवातीच्या काळात) ताणली तुम्ही. उघडून बघतो, पण खर्च तुमचा." दुसऱ्या मेकॅनिककडे उघडून घेऊ का? ग्राहक आयोगात दाद मिळेल? – एक वाचक, बारामती

उत्तर : दाद मागता येईल. पण इंजिन आत्ता उघडू नका. तुमचा निम्मा पुरावा त्या ब्लॉकच्या आत आहे. गॅरेजवाल्याच्या पाठीमागे तो बाहेर काढलात, तर "हे दुसऱ्या मेकॅनिकनेच बिघडवलं" एवढं एकच वाक्य तुमची तक्रार लुळी करतं. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची असते, आणि अशा तक्रारी बऱ्याचदा इथेच अडतात.

इंजिन न उघडता कळण्यासारखं आधी कळून घ्या. मिसिंग आणि पिकअपची तक्रार टाइट राहिलेल्या टॅपेटमुळे (वॉल्वजवळची फट कमी राहिल्यामुळे), कार्बोरेटरच्या सेटिंगमुळे किंवा इनटेकच्या रबरातून हवा ओढल्यामुळेही येते. तसं निघालं तर काम थोडक्यात भागेल, भांडणाची गरज नाही. निळा धूर मात्र ऑइल जळतंय हेच सांगतो. त्यासाठी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, करा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वर गेला, तर दोष रिंग किंवा बोअरचा असण्याची शक्यता जास्त. हलला नाही, तर वॉल्वकडे बघावं लागेल. दोन्ही आकडे तपासणाऱ्याकडून तारीख-सहीनिशी लिहून घ्या.

आता नोटीस. पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. काम, रक्कम, तक्रार लिहून म्हणा : अमुक दिवशी, अमुक ठिकाणी इंजिन उघडणार आहे, हजर राहा. ते आले नाहीत तरी ठरल्या वेळी उघडा, पण त्रयस्थ जाणकारासमोर. परवानाधारक वाहन सर्व्हेयर उत्तम. बोल्ट ढिला होण्यापासून व्हिडिओ घ्या. बोअर गेजने मोजून घ्या, पिस्टनच्या माथ्यावरचा ओव्हरसाइजचा (मूळ मापापेक्षा किती मोठा, त्याचा) आकडा टिपा, रिंगांवरची खूण वर आहे का आणि त्यांची तोंडं (टोकांमधल्या फटी) एका रेषेत तर आली नाहीत ना, हे फोटोत दिसू द्या. बोअर 0.50 मिमी ओव्हरसाइजचा मारून पिस्टन 0.25 मिमीचा, म्हणजे सैल, टाकलेला निघाला, तर रनिंग-इनचा बचाव उरतच नाही. काढलेला एकही भाग भंगारात देऊ नका.

बिल नाही म्हणून खचू नका. यूपीआयची नोंद आणि बँकेचं स्टेटमेंट आहे. शिवाय "रनिंग-इनमध्ये ताणली" असं त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहिलं असेल, तर काम त्यांनीच केल्याची ती कबुली आहे. ते मेसेज जपा. सेवा देऊन बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हाही मुद्दा तक्रारीत घ्या. रनिंग-इनचा वेग आणि पहिलं ऑइल कधी बदलायचं हे त्यांनी सांगितलंच नसेल, तर तेही लिहा.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि एवढ्या रकमेला फी नाही. वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल होते. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा. गॅरेजवाले तिथेच तडजोडीला आले तर बरंच. आयोगाकडे कामाचे पैसे परत किंवा फुकट दुरुस्ती, तपासणीचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई मागा. रक्कम अवाच्या सवा फुगवू नका.

नोटीस मिळाल्यावर ते फुकट दुरुस्तीला तयार झाले, तर नाही म्हणू नका. मात्र कोणते भाग बदलणार, किती दिवसांत आणि त्यावर किती महिन्यांची हमी, हे सहीनिशी घ्या. तोपर्यंत गाडी उभी ठेवा. ऑइल जळत असताना चालवत राहिलात आणि इंजिन जाम झालं, तर ते नुकसान गॅरेजवर टाकणं अवघड जाईल.