एक विषय सोडण्याआधी

“मॅडम, एक विषय अजिबात झेपत नाही, सोडून देऊ का? व्हिसा तर पाच वर्षांचा आहे, मग काय बिघडणार?” अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांचा हा प्रश्न दर ऑक्टोबरमध्ये माझ्याकडे येतो, कारण पहिल्या सहामाही परीक्षांचे गुण तेव्हा हाती आलेले असतात आणि विषय सोडण्याची विद्यापीठाची शेवटची तारीख जवळ आलेली असते. मी लातुरात समुपदेशन करते. दहावी-बारावीची आणि नीटची मुले हेच माझे मुख्य काम. परंतु त्यांतलीच काही मुले पुढे परदेशी जातात आणि अडचण आली की जुन्या ओळखीने फोन करतात. अशा एका मुलाची हकिगत त्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या परवानगीने येथे लिहीत आहे. त्याला आपण संकेत म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

संकेतच्या आधी त्याचे वडील आले. सोयाबीन मोंढ्यात घालून, आडत्याकडची पट्टी खिशात ठेवून ते थेट माझ्याकडे आले होते. “मॅडम, लेकरू फोनवर नीट बोलत नाही. आईनं विचारलं जेवलास का, तर हो म्हणतंय आन् ठेवून देतंय. पैशाची अडचण हाय का, आजारी हाय का, काहीच सुधरत नाही.” त्यांनी सोबत एक प्लास्टिकची फाईल आणली होती. तीत पासपोर्टची, व्हिसाची, बँकेच्या कर्जमंजुरीची आणि आय-२० नावाच्या कागदाची, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या व अभ्यासक्रमाच्या दाखल्याची, झेरॉक्स होती. मुलगा निघाला त्या दिवशी आईने या कागदांना कुंकू लावले होते. आय-२०च्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यावर तो ठिपका अजून तसाच होता.

त्याच रात्री साडेआठला, म्हणजे तिकडे सकाळी दहाला, मी संकेतशी व्हिडिओवर बोलले. पहिली पंधरा मिनिटे तो “सगळं ठीक आहे” एवढेच म्हणत होता. हळूहळू कळले ते असे. संकेतची पदवी मेकॅनिकलची. एमएस मात्र कॉम्प्युटर सायन्समध्ये, आणि पहिल्याच सत्रात त्याने अल्गोरिदमचा असा एक विषय घेतला होता, ज्यासाठी लागणारा पाया त्याने कधी शिकलेलाच नव्हता. मिडटर्मला शंभरपैकी एकतीस गुण पडले होते. दहावीपासून ज्याने वर्गातला पहिला क्रमांक सोडला नव्हता, त्याच्यासाठी हा आकडा निव्वळ गुणांचा नव्हता. तो तीन आठवडे वर्गात गेला नव्हता. विद्यापीठाच्या पोर्टलवर विषय सोडण्याचे पान त्याने उघडून ठेवले होते. शेवटची तारीख शुक्रवारची होती आणि आमचे बोलणे मंगळवारी चालले होते. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवून ते बटण दाखवले आणि म्हणाला, “रूममेट म्हणतोय दाबून टाक, कोण विचारतंय. व्हिसा २०२९पर्यंत आहे.”

येथे मी त्याला थांबवले. मी वकील नाही, आणि व्हिसाच्या प्रश्नावर शेवटचा शब्द माझा नसतो, हे मी प्रत्येकाला आधीच सांगते. परंतु गेल्या काही वर्षांत इतकी मुले याच वळणावर चुकताना पाहिली आहेत की, व्हिसा आणि स्टेटस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढे समजावून सांगणे मी माझे काम मानते. पासपोर्टवरचा व्हिसा हा त्या देशाच्या दारापर्यंत जाऊन आत येऊ देण्याची विनंती करण्यापुरता असतो. आत गेल्यावर विद्यार्थी म्हणून राहण्याचा जो हक्क मिळतो, त्याला स्टेटस म्हणतात, आणि एफ-१ म्हणजे शिक्षणासाठीच्या व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा हक्क व्हिसावरच्या तारखेवर अवलंबून नसून तो आय-२०प्रमाणे पूर्णवेळ शिकत आहे की नाही यावर अवलंबून असतो. म्हणूनच एखाद्याच्या व्हिसाची तारीख संपली तरी तो तेथे राहून नियमाने शिकू शकतो. बाहेर जाऊन परत यायचे असेल तेव्हाच त्याला नवा व्हिसा लागतो. आणि दुसऱ्याचा व्हिसा चार वर्षे शिल्लक असला तरी त्याचे स्टेटस एका चुकीच्या बटणाने जाऊ शकते. दुसऱ्या दिवशी हे मी वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “म्हणजे मोंढ्याच्या गेटवरची पावती. गाडी आत घ्यायपुरती. आतल्या काट्याचा हिशेब निराळा.” मी आता इतर पालकांनाही हेच उदाहरण देते.

आता पूर्णवेळ म्हणजे किती? ते क्रेडिटमध्ये, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेल्या वजनात, मोजतात. पदवीच्या विद्यार्थ्यासाठी नियमाप्रमाणे दर सत्राला किमान १२ क्रेडिट; पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी ते विद्यापीठ ठरवते आणि बऱ्याच ठिकाणी ९ असतात. संकेतचे तीन विषय, तीन-तीन क्रेडिटचे, म्हणजे नेमके ९. एक सोडला की ६. रूममेटचा दुसरा सल्ला होता की त्याऐवजी एक ऑनलाइन विषय घ्यावा. परंतु पूर्णवेळेच्या मोजणीत एका सत्रात ऑनलाइनचा एकच विषय किंवा तीनच क्रेडिट धरले जातात, आणि संकेतचा एक विषय आधीच ऑनलाइन होता. तो मार्गही बंद होता.

आणि तरीही त्याला विषय सोडता येण्यासारखा होता. हीच गोष्ट आपल्या मुलांना कोणी सांगत नाही, म्हणून मी ती थोडी विस्ताराने लिहिते. नियमात कमी क्रेडिट घेण्याची सोय आहे आणि तिची कारणेही लिहिलेली आहेत: सुरुवातीच्या काळात इंग्रजीची किंवा वाचनाच्या ओझ्याची अडचण, तिकडच्या शिकवण्याच्या पद्धतीची ओळख नसणे, अथवा आपल्या पातळीला न जुळणाऱ्या विषयात बसवले जाणे. संकेतचे प्रकरण या शेवटच्या कारणात जवळजवळ जसेच्या तसे बसत होते. अशी शैक्षणिक कारणाची सवलत एका पदवीच्या काळात एकदाच मिळते, निम्मे क्रेडिट तरी ठेवावे लागतात, आणि पुढच्या सत्रात पुन्हा पूर्णवेळ व्हावे लागते. आजारपणासाठीची सवलत वेगळी असते; तीत परवानाधारक डॉक्टरचे किंवा मानसशास्त्रज्ञाचे पत्र लागते आणि ती एकूण १२ महिन्यांपर्यंत मिळू शकते. परंतु दोन्हींत क्रम एकच: आधी परवानगी, मग बटण. परवानगी देणारी व्यक्ती म्हणजे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातला डीएसओ, ज्याला सेव्हिस या सरकारी नोंदप्रणालीत विद्यार्थ्याची नोंद करण्याचा अधिकार असतो. तोच विषय, तेच कारण, तीच तारीख; परंतु परवानगीआधी सोडला तर तो नियमभंग ठरतो.

मी संकेतला विचारले, “तू डीएसओला का विचारलं नाहीस?” तो बराच वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, “त्यांना सांगितलं तर ते नोंद करतील ना. मग परत पाठवतील.” त्याच्या मनात डीएसओ म्हणजे जवळजवळ पोलीस होता. तहसीलात किंवा तलाठ्याकडे कामाशिवाय जाऊ नये, गेले तर नवीच भानगड निघते, हे आपल्याकडचे मूल लहानपणापासून पाहत आलेले असते. त्यामुळे ही भीती मला मुळीच पोरकट वाटत नाही. परंतु या एका ठिकाणी ती नेमकी उलटी पडते. मी वडिलांची फाईल कॅमेऱ्यासमोर धरली, आय-२०चे पहिले पान काढले आणि कुंकवाच्या ठिपक्याखालच्या ओळीवर बोट ठेवले. पोहोचल्यावर कोणाला भेटायचे, त्या अधिकाऱ्याचे नाव तेथे छापलेले असते. “हे नाव वाच,” मी म्हटले. त्याने वाचले. “या बाईंना भेटलास?” “पहिल्या दिवशी. चांगल्या होत्या.” एवढे बोलल्यावर त्याला रडू आले, आणि मी त्याला रडू दिले, कारण तीन आठवड्यांत तो कोणासमोरही मोकळा झाला नव्हता.

त्यानंतर आम्ही ईमेल लिहायला बसलो. त्याचा पहिला मसुदा दीड पानांचा होता आणि त्यात सात वेळा क्षमा मागितली होती. आम्ही तो पाच ओळींवर आणला: मी अमुक सत्रात ९ क्रेडिट घेतले आहेत, अमुक विषयासाठी लागणारा पाया माझ्याकडे नाही, मिडटर्मचे गुण हे आहेत, विषय अद्याप सोडलेला नाही, शुक्रवारच्या आत भेटण्याची वेळ मिळेल का? चौथी ओळ त्यातली सर्वांत मोलाची, असे मी त्याला सांगितले.

मी इतकी घाई का करत होते, याला एक कारण आहे. परभणीकडच्या एका मुलाने आदल्या वर्षी हेच बटण न विचारता दाबले होते आणि माझ्याकडे तो आला तो घरी परतल्यानंतर. सत्र संपता संपता कमी क्रेडिट विद्यापीठाच्या लक्षात आले आणि त्याची सेव्हिसची नोंद संपुष्टात आली. अशा वेळी स्टेटस परत मिळवण्याचा अर्ज असतो, आय-५३९ नावाचा. तो साधारणपणे पाच महिन्यांच्या आत करावा लागतो, आणि त्यात दाखवावे लागते की चूक आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाली, किंवा आधी विचारले असते तर डीएसओ देऊ शकला असता अशाच सवलतीची ती बाब होती. याशिवाय विनापरवाना काम केलेले असता कामा नये. हा मुलगा घाबरून तीन महिने एका दुकानात रोखीने काम करत राहिला होता, आणि अर्जाचा दरवाजा त्यानेच बंद झाला. नवा आय-२०, ३५० डॉलरचे सेव्हिस शुल्क पुन्हा, आणि अभ्यासाशी निगडित प्रशिक्षणाचे काम करण्याआधी जे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण व्हावे लागते त्याची मोजणी पहिल्यापासून, इतके करून तो परत जाऊ शकला असता. घरची ऐपत उरली नव्हती.

म्हणून संकेतने पुढे जेव्हा सहज सांगितले की पेट्रोल पंपावरच्या एका दुकानात रात्रीचे काम मिळते आहे, पैसे हातात देतात, तेव्हा माझा आवाज चढला, हे मी मान्य करते. त्याला दोषही देता येत नव्हता; वडिलांच्या कर्जाचा आकडा त्याला तोंडपाठ होता. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालते, जेवणघर असो वा ग्रंथालय. आवाराबाहेरचे काम परवानगीशिवाय एक तासही चालत नाही, मग पगार रोख असो की वस्तूत. खरीच ओढाताण आली तर आवाराबाहेर काम करण्याचा अर्ज असतो, परंतु तो एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर. हे सारे सांगून मी त्याला विचारले, “महिन्याला किती कमी पडतात?” आकडा वडिलांना झेपणारा होता. मुलाने तो कधी सांगितलाच नव्हता.

गुरुवारी डीएसओची भेट झाली. त्यांनी विभागातल्या शैक्षणिक सल्लागाराचे दोन ओळींचे पत्र मागितले, ते त्याच दिवशी मिळाले. सेव्हिसमध्ये परवानगीची नोंद झाली आणि नवा आय-२० ईमेलने आला. शुक्रवारी दुपारी, तो कागद समोर ठेवून, संकेतने बटण दाबले.

वडिलांशी बोलणे अधिक अवघड गेले. “विषय सोडला” म्हणजे “नापास झाला” असेच त्यांनी ऐकले, आणि काही क्षण ते गप्प बसले. मग मी त्यांना सांगितले की आता शिक्षण एखादे सत्र लांबू शकते, तसे झाले तर आय-२०वरची मुदत संपण्याच्या आत वाढवून घ्यावी लागेल, आणि हप्ते अभ्यासक्रमानंतर सुरू होणार असल्यामुळे बँकेलाही विद्यापीठाचे पत्र द्यावे लागेल. कामाची यादी समोर आली तसे ते सावरले. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, “त्याच्या आईला काय सांगू?” मी म्हटले, “भाऊ, जेवढं तुम्हाला सांगितलं तेवढंच सांगा.” नव्या आय-२०ची प्रिंट त्यांनी माझ्याकडूनच घेतली आणि जुन्या कागदावर ठेवली.

डिसेंबरात संकेतचा फोन आला. उरलेल्या दोन्ही विषयांत तो चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला होता. पुढच्या सत्रात ९ क्रेडिटची नोंदणी झाली होती, त्यांत अल्गोरिदमच्या आधी शिकायला हवा होता तो विषय होता. सवलत एकदाच होती, ती वापरून झाली, याची आठवण मी करून दिली. जानेवारीत तो मित्रांबरोबर दुसऱ्या घरात राहायला जाणार होता. पत्ता बदलला की दहा दिवसांच्या आत कळवावे लागते, हे सांगायला मी सुरुवात केली तेवढ्यात तो म्हणाला, “डीएसओ मॅडमना कालच विचारलं. गेल्या गेल्या पोर्टलवर भरायचं आहे.”