पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही
वाचकांचे प्रश्न : संगणक

या वेळचे चारही प्रश्न एकाच जातीचे आहेत. काल नीट चालणारं मशीन उघडून नवे भाग घातले किंवा नवंच मशीन जोडलं आणि आता ते सुरू होत नाही. अशा वेळी सगळा संशय नव्या भागावर जातो आणि तो बदलून घ्यायला माणूस मुंबईतल्या संगणकाच्या बाजाराकडे, थेट ग्रँट रोडची लोकल पकडतो. त्याआधी मशीन नेमकं काय करतंय ते नीट बघून लिहून ठेवा. पंखा फिरतो की नुसता हलतो, बोर्डावर कुठला दिवा अडकतो म्हणजे पेटलेलाच राहतो, मॉनिटरवर एखादं अक्षर तरी येतं का, यावरच निम्मा शोध लागतो.

प्रश्न : माझ्याकडे बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि रायझन ३ २२००जी प्रोसेसर होता. लॅमिंग्टन रोडवरून रायझन ५ ५६०० आणि ८ जीबीच्या दोन रॅम आणून घरीच बसवल्या. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. ग्राफिक्स कार्ड नाही, एचडीएमआय केबल पहिल्यापासून बोर्डालाच आहे. प्रोसेसर खराब निघाला का? (मुलुंड)

उत्तर : बहुधा नाही. दुखणं तुम्हीच पत्रात लिहिलं आहे : ग्राफिक्स कार्ड नाही. २२००जी मधलं ‘जी’ हे अक्षर महत्त्वाचं आहे. त्या प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्सचा भाग असतो आणि बोर्डामागच्या एचडीएमआयला सिग्नल तोच देतो. साध्या ५६०० मध्ये हा भाग नाही. बाकी सगळं ठाकठीक असलं तरी बोर्डाच्या एचडीएमआयवर चित्र येणार नाही.

याच्याखाली दुसरं कारणही दडलेलं असू शकतं. बी४५० बोर्ड २०१८ साली आले, रायझन ५ ५६०० एप्रिल २०२२ मध्ये. बोर्डातलं बायॉस, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, जुनं असेल तर त्याला हा प्रोसेसर ओळखताच येत नाही. त्यामुळे नुसतं ग्राफिक्स कार्ड आणून लावलं आणि तरीही पडदा काळाच राहिला, असं होऊ शकतं. दोन्ही कारणं वेगळी करायला बोर्डाच्या कडेला सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क) असे चार बारीक दिवे आहेत का ते पाहा. सीपीयूचा दिवा अडकला तर बायॉस किंवा वाकलेली पिन. व्हीजीएचा अडकला तर प्रोसेसर ओळखला गेला आहे, फक्त चित्र देणारं कोणी नाही. दिवे नसतील तर चार पिनांचा छोटा स्पीकर बोर्डाला लावा. त्याच्या बीपचा अर्थ बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

आता जुना २२००जी परत बसवा. कूलर सरळ वर ओढू नका. आधी सगळे स्क्रू किंवा कडी सोडवा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत प्रोसेसर आणि कूलरमधल्या उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टची पकड मोडा आणि नंतर उचला. एएम४ (तुमच्या बोर्डाचं सॉकेट) प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात. पेस्ट घट्ट धरून बसली असेल तर सॉकेटची दांडी बंद असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो, आणि पिना वाकतात त्या याच वेळी. नवा प्रोसेसर काढला की टॉर्चच्या उजेडात चारही बाजूंनी तिरकं बघा. १३३१ पिनांच्या ओळी सरळ रेषेत दिसायला हव्यात. एखादी झुकलेली दिसली तर ०.७ मिमीच्या मेकॅनिकल पेन्सिलीतली शिसं काढून टाका, तिचं धातूचं टोक पिनेवर चढवा आणि अगदी थोडं थोडं सरळ करा. बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर आणा. प्रोसेसर स्वतःच्या वजनानं खाली बसला पाहिजे. दाबावा लागतोय म्हणजे काहीतरी चुकतंय. कूलर परत लावण्याआधी जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा, आणि त्याच्या पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच जोडा.

जुन्या प्रोसेसरवर मशीन सुरू झालं की बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या बोर्डाचं पूर्ण नाव शोधा. बोर्डावर ‘रेव्ह’ असा आकडा छापलेला असेल तर तोही जुळला पाहिजे. प्रोसेसरच्या यादीत ५६०० समोर किमान कुठली बायॉस आवृत्ती हवी ते लिहिलेलं असतं. त्या आवृत्तीखालची टीप जरूर वाचा, कारण काही बोर्डांवर मधली एक आवृत्ती आधी घालावी लागते. फाइल एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाका आणि बायॉसमधल्याच सोयीनं अपडेट करा, विंडोजमधून नको. मशीन यूपीएसवर ठेवा. पावसाळ्यात दिवे जायची शक्यता असेल त्या दिवशी हे काम हाती घेऊच नका, मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. बायॉस किंवा प्रोसेसर बदलल्यावर विंडोज ती मागतं, आणि ती हाताशी नसेल तर स्वतःच्याच फाइली उघडता येत नाहीत. बोर्डामागे बायॉस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर जुना प्रोसेसर न घालताही अपडेट होतं.

राहिला ग्राफिक्सचा प्रश्न. गेम खेळायचे नसतील तर आमचं स्पष्ट मत : दुकानदाराशी बोला आणि वरचा फरक देऊन ५६०० ऐवजी ५६००जी घ्या. वेगळं कार्ड, त्याची वीज, त्याची उष्णता, काहीच लागणार नाही. फक्त यादीत ५६००जी समोरची बायॉस आवृत्ती पाहून तीच घाला. पक्कं बिल आणि प्रोसेसरचा डबा जपून ठेवला असेल तर बोलणं सोपं जातं.

रॅमबद्दल एवढंच : दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. तपासताना एकच पट्टी, दुसऱ्या खाचेत. खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत दोन्ही टोकांना दाबा. काही बोर्डांवर एकाच टोकाला खटका असतो, तिथं दुसरं टोक अर्धवट राहतं आणि वरून बघून कळतही नाही. समुद्राजवळच्या घरांत जुन्या पट्ट्यांच्या सोनेरी दातांवर काळपट थर धरतो. तो खोडरबरनं घासायची सवय सगळीकडे आहे, पण रबराचा भुगा खाचेत जातो. न धागे सोडणाऱ्या फडक्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.

प्रश्न : कॅबिनेट बदललं, ६५० वॅटचा नवा मॉड्युलर (वायरी सुट्या होणारा) एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, घेतला. जुनाही मॉड्युलरच होता, म्हणून हार्ड डिस्कच्या बांधलेल्या वायरी तशाच ठेवून नव्याला जोडल्या. बटण दाबलं की पंखा अर्धा सेकंद हलतो आणि बंद. पुन्हा दाबलं तर काहीच नाही. मागचा खटका बंद-चालू केला की पुन्हा तेच. (गिरगाव)

उत्तर : बटण दाबणं आत्ताच थांबवा आणि मागची केबल काढा. एसएमपीएसला कुठंतरी शॉर्ट लागतो आहे आणि तो स्वतःला बंद करून बाकीचे भाग वाचवतो आहे. खटका बंद केल्याशिवाय तो पुन्हा जागा होत नाही, हीच त्याची खूण.

पहिला संशय त्या जुन्या वायरींवर. हार्ड डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेवर कुठलं व्होल्टेज हे ठरलेलं नाही. प्रत्येक कंपनी, कधी एकाच कंपनीचं वेगळं मॉडेलही, ते आपल्या सोयीनं ठरवतं. प्लग बिनबोभाट बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी डिस्कला १२ व्होल्ट मिळतात. आधी हार्ड डिस्क आणि सॅटा (केबलनं जोडायच्या) एसएसडीच्या विजेच्या सगळ्या वायरी काढा आणि मशीन सुरू करून बघा. सुरू झालं तर शॉर्ट त्या वायरीत किंवा डिस्कमध्ये आहे. डिस्क नव्या एसएमपीएसच्या डब्यातल्या वायरीवर एकदाच तपासा. त्यावरही मशीन बंद पडलं तर डिस्कच्या हिरव्या पाटीवरचा संरक्षक डायोड गेला असण्याची शक्यता मोठी. आतल्या तबकड्यांवरचा डेटा अशा वेळी बहुतेकदा शाबूत असतो. फोटो किंवा हिशेब महत्त्वाचे असतील तर आणखी प्रयोग न करता डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे डिस्क द्या, आणि चुकीची वायर लावली होती हे त्याला स्वच्छ सांगा. त्याचं काम त्यामुळे बरंच हलकं होतं.

डिस्क काढूनही तेच होत असेल तर कॅबिनेटकडे वळा. बोर्डाखाली पितळेचे छोटे खांब असतात. नव्या कॅबिनेटमध्ये ते बहुधा मोठ्या एटीएक्स बोर्डाच्या मापानं लावून येतात. तुमचा बोर्ड लहान मापाचा, मायक्रो एटीएक्स असेल तर एखादा खांब भोक नसलेल्या जागी, थेट बोर्डाच्या पाठीवरच्या टाक्यांना टेकतो. बोर्ड बाहेर काढा, बोर्डाची भोकं आणि खांब एकास एक जुळवा, जास्तीचा खांब काढून टाका.

शंका उरली तर बोर्ड कॅबिनेटबाहेरच चालवा. बोर्डाच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवा. चंदेरी पिशवीवर नको, तिच्या बाहेरच्या थरातून वीज वाहू शकते. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, २४ पिनांचा प्लग आणि प्रोसेसरचा ८ पिनांचा प्लग एवढंच जोडा. ‘पीडब्ल्यूआर एसडब्ल्यू’ लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. बाहेर सुरू झालं म्हणजे दोष कॅबिनेटमध्ये. मग ग्राफिक्स कार्ड, मग एकेक डिस्क, आणि दर वेळी मागचा खटका बंद करूनच. प्रोसेसरचा प्लग ४ अधिक ४ असा सुटतो, ग्राफिक्स कार्डाचा ६ अधिक २. दोन्ही ८ पिनांचेच दिसतात, पण व्होल्टची मांडणी उलटी असते. बसत नसेल तर जोर लावू नका.

हिरवी आणि काळी वायर क्लिपनं जोडून एसएमपीएस चालवून बघा, असं कोणी सुचवेल. इथं त्याचा उपयोग नाही, तो सुरू होतो हे दिसलंच आहे. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो.

प्रश्न : बोर्डावरच्या खाचेत बसणारी नवी एनव्हीएमई एसएसडी लावली. आता जुनी सॅटा एसएसडी, जिच्यावर विंडोज आहे, ती बायॉसमध्ये दिसतच नाही. (बोरिवली)

उत्तर : बऱ्याच बोर्डांवर एम.२ ची खाच (जिच्यात एनव्हीएमई बसते ती) आणि एक-दोन सॅटा पोर्ट यांची लाइन एकच असते. खाच भरली की ते पोर्ट बंद पडतात. कुठले, ते पुस्तिकेत एम.२ च्या पानावर तळटिपेत असतं. सॅटाची केबल दुसऱ्या पोर्टला लावा, मग बायॉसमध्ये बूटच्या क्रमात जुनी एसएसडी वर घ्या. दिसू लागली तरी विंडोज येत नसेल आणि मधल्या काळात बायॉस रीसेट झालं असेल, तर बायॉसमधली सीएसएम (जुन्या पद्धतीचं विंडोज चालवणारी सोय) बंद झाली आहे का ते पाहा. जुन्या लेगसी पद्धतीनं घातलेलं विंडोज त्याशिवाय सुरू होत नाही.

प्रश्न : डीडीआर५ रॅमचं नवं मशीन जोडलं. पाच मिनिटं पडदा काळा, म्हणून तीन वेळा बंद करून चालू केलं. (चेंबूर)

उत्तर : बंद करत होतात तेच नडलं असावं. पहिल्या वेळी बोर्ड रॅमचं टायमिंग जुळवून घेतो आणि त्यात कित्येक मिनिटं जातात. दर वेळी वीज तोडली की हे काम पहिल्यापासून सुरू होतं. एकच पट्टी दुसऱ्या खाचेत ठेवून १५ मिनिटं हात लावू नका. डीरॅमचा दिवा तोवर पेटलेला राहिला तरी घाबरू नका.

त्यानंतरही काही आलं नाही तर केबल काढा, कॅबिनेटचं बटण १५ सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि बोर्डावरचा सीआर२०३२ सेल दहा मिनिटं बाहेर ठेवा. रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी किंवा एक्सपो चालू केलं असेल तर ते यानं पुसलं जातं. सेल बाहेर आहेच तर मल्टिमीटर लावा. ३ व्होल्टच्या आसपास हवा. बराच कमी असेल तर नवा घाला, आडव्या खोबणीत अक्षरं कोरलेली अधिकची बाजू वर येईल असा. पहिल्यांदा सुरू झाल्यावर तारीख-वेळ परत लावा, नाहीतर ब्राउझर प्रत्येक साइटला सुरक्षिततेची तक्रार करत राहील.