स्लाऊला येतोयस ना, मग वहिनींचा साज तिकडंच ठेवून ये

भावा, तुझा प्रश्न वाचला. कोल्हापूरच्या राजारामपुरीतनं थेट लंडनच्या पश्चिमेच्या स्लाऊ गावात, ऑफिस तिथल्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पोरगी सहा वर्षांची, आणि स्लाऊचा क्राईम रेट जास्त असल्याचं वहिनींनी कुठंतरी वाचल्यापासनं घरात दुसरा विषय नाही. म्हणून विचारतोयस की घर स्लाऊतच बघू का हॅरोला, कारण हॅरो लंडनमधल्या सगळ्यात कमी गुन्ह्यांच्या भागांत येतं. ते खरंय, येतं. पण हॅरोवरनं स्लाऊला रोज ये-जा करून तू महिन्याभरात वैतागशील. मी मंगळवार पेठेतला, इथं नऊ वर्षं झाली, त्यातली सहा स्लाऊत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो क्राईम रेट, म्हणजे दर हजार माणसांमागं गुन्ह्यांचा आकडा. गावात झालेले गुन्हे भागिले तिथं राहणारी माणसं, एवढाच हिशोब असतो तो. आता नवरात्रात महाद्वार रोडला जेवढी पाकिटं मारली जातात ती मोज आणि फक्त त्या रस्त्यावर राहणाऱ्यांच्या संख्येनं भाग, म्हणजे अंबाबाईच्या दारात राहणं जगात सगळ्यात डेंजर निघेल की नाही? लंडनच्या वेस्टमिन्स्टरचं तेच होतं, राहणारे दोनेक लाख आणि रोज येणारे-जाणारे कितीतरी जास्त. स्लाऊ गाव लहान, त्यात हाय स्ट्रीट, स्टेशन, मोठी दुकानं सगळं मधोमध, दुकानातनं कुणी चीजचे पुडे ढापले तरी ते त्याच आकड्यात जाऊन बसतं.

त्यामुळं गावाचा आकडा सोड, गल्लीचा बघ. पोलिस डॉट यूके म्हणून सरकारी साईट आहे, पोस्टकोड टाकला की नकाशावर महिन्यामहिन्याचे गुन्हे दिसतात, फुकट. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेव. एक म्हणजे नकाशावरचा ठिपका नेमक्या घरावर नसतो, ओळख पटू नये म्हणून तो रस्त्याच्या मध्यावर नाहीतर जवळच्या पार्किंगवर, सुपरमार्केटवर सरकवलेला असतो, तेव्हा 'या पंपावर एवढे गुन्हे' बघून दचकू नको. दुसरं, 'व्हायलन्स अँड सेक्शुअल ऑफेन्सेस' हा गठ्ठा सगळीकडं मोठाच दिसतो आणि वहिनी बहुतेक त्यालाच घाबरल्या असणार. त्यात गंभीर गुन्हे आहेतच, पण फोनवरनं धमक्या, छळ, अंगाला इजा न झालेली भांडणं हे पण त्यातच मोजतात. तू बर्गलरी म्हणजे घरफोडी आणि व्हेईकल क्राईम म्हणजे गाड्यांचे गुन्हे हे दोन बघ, बारा महिन्यांचे, एका महिन्यावर जाऊ नको. आणि पुढं निकाल पण दिलेला असतो, तपास संपला, संशयित सापडला नाही. हे वाक्य तुला लई वेळा दिसेल.

माझ्या बाबतीत पण तेच लिहिलंय.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. इथं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागं करतात, मग पाच वाजायच्या आत काळोख, डिसेंबरात तर चारच्या आत सूर्य बुडतो. आम्ही कार्यक्रमाला गेलो, लाईट सगळे बंद करून, सवयच ना आपली, बिल येतंय म्हणून. रात्री दहाला आलो तर मागचं काचेचं दार फोडलेलं. टीव्ही जागेवर, लॅपटॉप टेबलावर तसाच. गाद्या उलट्या आणि किचनमध्ये पाऊल टाकलं तर पायाखाली करकर, बघतो तर तांदळाचा अख्खा डबा फरशीवर उपडा. माझ्या बायकोला तेव्हा कळलं, चोराला माहितीय आपल्या बायका सोनं कुठं ठेवतात ते. तिचा गुजरीतनं घेतलेला कोल्हापुरी साज गेला, आईच्या पाटल्या गेल्या. पोलिस आले, दुसऱ्या दिवशी एकजण येऊन खिडकीवर पावडर मारून ठसे घेऊन गेला, आम्हाला क्राईम रेफरन्स नंबर मिळाला, बास. इन्शुरन्सवाल्यानं सांगितलं की एका वस्तूला अमुकच मर्यादा, त्यावरचा दागिना वेगळा नोंदवायला लागतो. पॉलिसी घेताना कोण वाचतंय ते? निम्म्याहून कमी मिळाले.

इथं आशियाई घरांतनं सोनं चोरणं हा वेगळाच प्रकार आहे, दिवाळी आली की पोलिस स्वतः सांगत फिरतात. आणि हे स्लाऊत तसंच हॅरोतही, उलट आपली माणसं जिथं जास्त तिथं चोराचं जास्त लक्ष. तेव्हा घर कुठं घेतोयस यापेक्षा घरात काय ठेवतोयस हे बघ. बऱ्याच बँकांनी लॉकर द्यायचं बंद केलंय, खासगी व्हॉल्ट आहेत पण भाडं पडतं. तिकडच्या लॉकरमध्ये राहू दे सगळं.

बाकी बारीकसारीक. दार नुसतं ओढून घेतलं म्हणजे कुलूप लागलं असं नाही, इथल्या प्लास्टिकच्या दारांचं हँडल वर उचलून किल्ली फिरवली तरच आतले हूक बसतात, आपले नवीन आलेले लोक पहिलं वर्षभर दार तसंच सोडून हिंडतात. किल्ल्या दाराशेजारच्या खुंटीला अडकवू नको, पत्राच्या फटीतनं तार घालून काढतात, गंमत नाही सांगत. बाहेर जाताना एक दिवा टायमरवर ठेव. घराच्या मागनं बोळ जात असेल तर ते घर सोड, भाडं कितीही कमी असू दे. पोलिसांना फोन करायचा तर तातडीचं असेल तर ९९९, नाहीतर १०१.

आणि हे महत्त्वाचं, वहिनींच्या पर्समध्ये पेपर स्प्रे असेल तर कोल्हापुरातच काढून ठेव. इथं त्याला फायरआर्म्स ॲक्ट १९६८ खाली बंदी आहे, स्वसंरक्षण वगैरे सांगून चालत नाही.

भीतीचं म्हणशील तर बायको रात्री आठला स्टेशनवरनं चालत येते, काही झालेलं नाही. फक्त रिकामं वाटतं. आमच्या पेठेत अनोळखी माणूस गल्लीत शिरला की चार दारांतनं 'कोण पायजे वो?' येतं, त्याला घाम फुटतो. इथं त्या दिवशी काच फुटल्याचा आवाज शेजाऱ्याला आला होता, त्याला वाटलं आम्हीच काहीतरी पाडलं. चांगला माणूस आहे, नंतर केक घेऊन आला.

दोन-तीन घरं पसंत पडली की पोस्टकोड पाठव. शुक्रवारी रात्री अकराच्या पुढं मी गाडी घेऊन चक्कर मारून येतो, नकाशापेक्षा ते बरं.