काढ्याची पुडी राहू दे, मटकी पाठवा

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: मुलगा हॉस्टेलवर राहतो, दर महिन्याला सर्दी-खोकल्याने पडतो. घरचे सगळे शाकाहारी. नुसत्या भाज्या-कडधान्यांवर प्रतिकारशक्ती टिकते का, की काढ्याची पावडर आणि गोळ्या पाठवत राहायचं?

मी डॉक्टर नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि गेली अठरा वर्षं पुण्यात मुलांची मेस चालवते. साठ-सत्तर पोरं रोज समोर जेवतात. कोण भाजी बाजूला सारतं आणि कोण रात्री बाहेर नूडल्स हाणतं, हे मला त्यांच्या आयांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

पावडरीचं आधी उरकते. प्रतिकारशक्ती म्हणजे गॅसची शेगडी नव्हे, बटण फिरवलं की मोठी व्हायला. ती नको तिथे भडकली तर अ‍ॅलर्जी होते, आमवात होतो. करोनाच्या काळात लोकांनी गुळवेलीचा मारा केला, तेव्हा यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले होते. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, तो वाद आहेच. पण धडधाकट पोराला रोज काढा कशासाठी? क जीवनसत्त्वाच्या गोळ्याही रोज घेतल्याने साध्या माणसाच्या सर्द्या कमी होत नाहीत, झालेली सर्दी थोडी लवकर आटपते एवढंच. शिवाय पेरू आहे की. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं, दिवसाची गरज शंभराच्या आत.

आता जेवण. प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोठी फौज आतड्याच्या भोवती तळ ठोकून असते. डाळींची सालं, पालेभाज्या, ज्वारी-बाजरी यांतला चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना पचतो. ते त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात. त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं आणि त्या फौजेला शिस्त राहते. मैद्यावर जगणाऱ्या पोराचे जिवाणू उपाशी राहतात. जंतूंना धरणाऱ्या अँटिबॉडी तर प्रथिनांच्याच बनतात, म्हणून नुसतं वरणाचं पाणी भातावर ओतून भागत नाही, वाटीत डाळ दिसली पाहिजे.

माझा सगळ्यात लाडका मुद्दा मोड आलेल्या कडधान्याचा. कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, मोड फुटताना ते तयार होतं. याला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुत इथे सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर 1915 पासून वेढ्यात अडकली, त्यात मराठा पलटणीही होत्या. ताजी भाजी नाही, घोड्याचं मांस खायला बरेच हिंदी शिपाई तयार नव्हते. त्यांच्यात स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा रोग, पसरला. हिरड्या सुजायच्या, जखमा भरायच्या नाहीत. एप्रिल 1916 मध्ये शरणागती झाली. पुढे लंडनमध्ये संशोधक हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोड आलेल्या कडधान्यांनी स्कर्व्ही टळतो हे दाखवून दिलं. आपल्या आज्यांना त्याचं कारण माहीत नव्हतं, उसळ मात्र येत होती.

मोडांनी आणखी एक होतं. धान्य-कडधान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य जस्त आणि लोह अडवून धरतं, भिजवून मोड आणले की ते कमी होतं. इडलीचं पीठ आंबवण्यातही तेच. प्रतिकारशक्तीच्या पेशींना जस्त लागतंच.

चुकाही सांगते, माझ्याच मेसमधल्या. आमची जुनी स्वयंपाकीण चिरलेला पालक उकळून पाणी मोरीत ओतायची, म्हणजे क जीवनसत्त्व मोरीला. आता धुऊन मग चिरतो, झाकण ठेवून थोड्या तेलात परततो. गाजराला, लाल भोपळ्याला फोडणी हवीच, त्यातलं बीटा कॅरोटीन, ज्यातून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, तेलाशिवाय नीट अंगी लागत नाही. उसळीवर लिंबू पिळलं की तिच्यातलं लोह जास्त शोषलं जातं. आणि जेवून उठल्या उठल्या चहा घेतला की ते बरंचसं वाया. पोरं ऐकत नाहीत, म्हणून मी चहाचं पातेलंच जेवणानंतर तासाभराने चढवते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये सुचवलेल्या ताटात दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आहेत. मी एकदा आमच्या वाट्या तोलल्या होत्या. दोन वेळच्या मिळून दोनशेही भरल्या नाहीत. तेव्हापासून काकडी-टोमॅटो-कांद्याची परात मध्ये ठेवते, कितीही घ्या.

वनस्पतींत बी-12 जीवनसत्त्व मात्र नसतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या, चपात्या लाटता लाटता बसावं लागे. रिपोर्टमध्ये बी-12 तळाला गेलेलं निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, सहा महिन्यांत हिंडूफिरू लागले. मुलगा दूध-दहीही खात नसेल तर त्याची तपासणी करून घ्या. दर महिन्याला छाती भरत असेल, दम लागत असेल, वजन उतरत असेल, तर तो जेवणाचा प्रश्नच नाही. डॉक्टरांकडे न्या.

बाकी पुढच्या पार्सलात दोन किलो मटकी, शेंगदाण्याची चटणी आणि एक जुना पंचा पाठवा. रात्री भिजत घालायची, सकाळी निथळून घट्ट बांधून कपाटात ठेवायची. पंख्याखाली ठेवू नको म्हणावं, वाळते.