गोव्यात पंक बँडवर रक्तबंबाळ हॉरर शॉर्टफिल्म करतोय, बजेट नाहीच म्हणा. जखमा कंप्युटरवर करू की हाताने?

हाताने करा. मी फोंड्याकडे जत्रेतल्या नाटकांचा मेकअप करतो, हॉररचं वेड शाळेपासूनचं, त्यामुळे प्रश्न बघून राहवलं नाही.

तुम्ही लिहिलंय की चार पोरांचा बँड पावसाळ्यात बंद शॅकमध्ये अडकतो आणि एकेक मरतो. मग आधी दिग्दर्शक जेरेमी सॉल्नियरचा 2015 चा 'ग्रीन रूम' हा सिनेमा बघा, त्यातही एक पंक बँड खोलीत अडकतो आणि मारेकरी दाराबाहेर असतात; आधी बघितला असेल तरी परत बघा. हा माणूस स्वतः तरुणपणी पंक बँडमध्ये होता आणि ते जाणवतं. त्यात नट अँटन येल्चिन बेस गिटार वाजवतो आणि नेमका त्याचाच हात दाराच्या फटीत सापडतो, बाहेरचे त्यावर सपासप वार करतात, आत ओढल्यावर तो हात आपल्याला जेमतेम दिसतो आणि पुढे तो पोरगा त्यावर डक्ट टेप गुंडाळून तसाच लढतो. पोट फाडलं असतं तर एवढं लागलं नसतं, वाजवणाऱ्याचा हात गेला म्हणून लागतं. तुमच्या गिटारवाल्याचं पण हेच करा, आणि ती भूमिका खरंच गिटार वाजवणाऱ्या पोरालाच द्या. सुरुवातीला त्याची बोटं तारांवर जवळून दाखवा, मग बाकी तीन मरणं साधी असली तरी चालतील.

आता तो हात. डेंटिस्ट दातांचा साचा घ्यायला जी अल्जिनेट पावडर वापरतात ती डेंटल सामानाच्या दुकानात मिळते. गार पाण्यात कालवून त्यात त्याचा हात बुडवायचा, काही मिनिटांत ती रबरासारखी घट्ट होते, मग बोटं हळूहळू हलवत हात सोडवून घ्यायचा आणि लगेच त्या पोकळीत प्लास्टर ओतायचं, कारण अल्जिनेट सुकलं की आक्रसतं. कृपा करून खरा हात थेट प्लास्टरमध्ये घालू नका, प्लास्टर घट्ट होताना तापतं आणि वाईट भाजू शकतं. वाड्यावर दिवाळीला नरकासुराचे पुतळे करणारी पोरं असतीलच, पुढचं रंगकाम त्यांच्याकडे द्या, त्यांचा हात बसलेला असतो. जखमेसाठी कापूस आणि लिक्विड लेटेक्सचे (पातळ रबराचे) थर. आपल्याकडच्या दमट हवेत ते सुकायला भलताच वेळ लागतो, तेव्हा आदल्या रात्री करून पंख्याखाली ठेवा, आणि खऱ्या कातडीवर लावणार असाल तर आधी मनगटावर थोडं लावून बघा, काहींना लेटेक्सची ॲलर्जी असते.

रक्ताला केकचं सामान मिळतं तिथला लिक्विड ग्लुकोज घ्या, त्यात लाल खायचा रंग, पिवळ्याचा थेंब आणि किंचित कोको, नाहीतर कॅमेऱ्यात ते सरबत दिसतं. 1981 च्या 'ईव्हिल डेड'मधलं रक्त पण असंच कॉर्न सिरपचं, म्हणजे मक्याच्या गोड पाकाचं, आणि ती पण पोरासोरांनी पैसे गोळा करून केलेलीच फिल्म. कपड्यावर ओघळायला हवं असेल तर भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घाला, पण ते रक्त तोंडात जाता कामा नये, तोंडासाठी वेगळं काढून ठेवा. उडवायला सलाईनची नवी नळी आणि मोठी सिरिंज, नळी बाहीतून. हे सगळं गोड असल्याने मुंग्या येतात, वाळूचा शॅक असेल तर विचारूच नका, म्हणून शॉट झाला की लगेच पुसा.

एक महत्त्वाचं राहिलं. रक्त उडणार कधी ते बाकीच्या तिघांना नेमकं सांगू नका, म्हणजे त्यांचे चेहरे खरे येतील. मात्र उडणार आहे हे आधी सांगून त्यांची परवानगी घ्याच, डोळ्यांच्या दिशेने नळी धरू नका, आणि प्रत्येकाच्या शर्टाचे किमान तीन सेट ठेवा, कारण पहिला टेक बहुतेक फुकट जातो.

शॅकमालकाची परवानगी असली तरी पोलीस ठाण्यात कळवून ठेवा, रात्री किंकाळ्या ऐकून कोणीतरी फोन करणारच. आणि शूट फोंड्याच्या आसपास असेल तर सांगा, साचा घ्यायला मी येतो, पैसे नकोत.