लंडनला पाच दिवस, मुलं दहा आणि सहा वर्षांची: काय बघावं, पास घ्यावा का?

तुमची यादी वाचली. लंडन आय, मादाम तुसाँ, टॉवर, बकिंगहॅम पॅलेस, तीन म्युझियम, ग्रीनिच आणि वर एक दिवस ऑक्सफर्ड. मे महिना, पाच दिवस, मुलगी दहाची, मुलगा सहाचा. आणि हे सगळं बसवायचं म्हणून सगळ्या ठिकाणांचा मिळून एक पास घ्यावा का, असा प्रश्न.

घेऊ नका. हिशेबात तो परवडेलही, पण एकदा पास खिशात आला की आपल्यातला मध्यमवर्गीय जागा होतो. रोज तीन ठिकाणं केल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत, आणि ती वसुली होते पोरांच्या पायांतून. आम्ही गेलो तेव्हा आमची मुलं साधारण याच वयाची होती. धाकटा जेवणानंतर चालायलाच नकार द्यायचा. त्यामुळे सकाळी एक ठिकाण आणि दुपारी एखादी बाग, एवढाच बेत ठेवा.

लंडनमधली बरीचशी मोठी म्युझियम फुकट आहेत. पैसे वाचतात हे तर झालंच, पण पोरं तासाभरात कंटाळली तर जिवाला हळहळ न लावता उठून बाहेर पडता येतं, ही खरी चैन. नॅचरल हिस्टरी म्युझियमची वेळ मात्र आधी ऑनलाइन घेऊन ठेवा, तीही फुकटच असते. साउथ केन्सिंग्टन स्टेशनातून म्युझियमकडे जायला भुयारी रस्ता आहे, पावसात बरा पडतो. मोठ्या दालनात निळ्या देवमाशाचा पंचवीस मीटरांचा सांगाडा छताला टांगलाय, तो बघायचाच. डायनासोरही बघाल. पण आमच्या पोरांना तिथून हलवणं कठीण झालं ते भूकंपाच्या खोलीतून. जपानमधल्या कोबे शहरात 1995 मध्ये मोठा भूकंप झाला होता. तिथल्या एका किराणा दुकानासारखी ही खोली केली आहे. आपण उभे असतो आणि पायाखालची जमीन गदागदा हलायला लागते. देवमाशाला 'हं, मोठा आहे' एवढंच म्हणणारा आमचा धाकटा तिथे पुन्हा पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.

शेजारच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये वाघनखं दाखवतो, असं मुलांना कबूल करू नका. ती जुलै 2024 मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याला. (ती महाराजांचीच, असं ते म्युझियमही छातीठोकपणे म्हणत नाही, पण तो वाद इथे नको.) तरी आत जा, कारण मधल्या अंगणात उथळ पाण्याचं एक कुंड आहे आणि ऊन पडलं की तिथलीच पोरं त्यात मनसोक्त डुंबत असतात. कपड्यांचा एक जादा जोड बरोबर ठेवा.

एक अख्खा दिवस ग्रीनिचला द्या. बँक स्टेशनवरून डीएलआर नावाची लोकल जाते. तिला चालकाची केबिन नाही, त्यामुळे अगदी पुढच्या काचेला लागून बसायला मिळतं. पोरांची ती जागा पकडायला एखादी गाडी सोडावी लागली तरी सोडा. कटी सार्क स्टेशनपर्यंत जाऊ नका, आदल्याच आयलंड गार्डन्सला उतरा. तिथून थेम्सच्या पोटातून पलीकडे जाणारा पादचारी बोगदा आहे, 1902 सालचा, साधारण 370 मीटर लांब. गोल जिन्याने खाली उतरायचं, पांढऱ्या फरश्यांच्या नळीतून चालायचं आणि वर आलं की समोर कटी सार्क हे जुनं शिडाचं जहाज. आमच्या मुलीने बोगद्यात 'गणपती बाप्पा' अशी आरोळी ठोकली. 'मोरया' आला तो लांबून येणाऱ्या एका अनोळखी माणसाकडून!

पुढे बागेतल्या टेकडीवर वेधशाळा. तिच्या छतावर एका खांबाला लाल गोळा आहे. 12 वाजून 55 मिनिटांनी तो अर्ध्यावर चढतो, 58 मिनिटांनी टोकाला जातो आणि बरोब्बर एकला खाली पडतो. 1833 पासूनची ही सोय, नदीतल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून. मेमध्ये तिथे एक वाजतो तेव्हा आपल्याकडे साडेपाच झालेले असतात. आम्ही गोळा पडताक्षणी आजीला फोन लावला, आणि रेखांशाचा जो धडा शाळेत डोक्यावरून गेला होता तो मुलीला तिथे कळला. शून्य रेखांशाच्या रेषेवर दोन पाय ठेवून फोटो काढायला आत तिकीट आणि रांग आहे. तीच रेषा बाहेर पायवाटेलगतही खुणावली आहे, तिथे फुकट उभे राहा.

तिकीट काढायचंच तर टॉवर ऑफ लंडनचं काढा. उघडताक्षणी पोचा आणि आधी राजमुकुट बघून घ्या, नंतर गर्दी आवरत नाही. मुकुटांसमोरून सरकता पट्टा आपल्याला पुढे नेतो, त्यामुळे कोहिनूरसमोर फार रेंगाळता येत नाही. 'आपला आहे ना, मग इथे कसा?' हे मुलगी विचारणारच. तिला सांगा, 1849 मध्ये लाहोरच्या तहात तो इंग्रजांनी घेतला तेव्हा महाराजा दुलीपसिंग तिच्याच वयाचा, दहा वर्षांचा होता. आमच्याकडे त्यानंतर बराच वेळ शांतता होती.

बकिंगहॅमच्या पहारा-बदलात मुलांना फक्त लोकांच्या पाठी दिसतात. त्याऐवजी व्हाइटहॉलवर हॉर्स गार्ड्सला जा, तिथे घोडेस्वार अगदी जवळून दिसतात. मागेच सेंट जेम्स पार्क. तिथे दुपारी अडीचच्या सुमारास पेलिकनना मासे घालतात. लंडन आय या मोठ्या पाळण्याऐवजी स्काय गार्डन, म्हणजे एका उंच इमारतीच्या माथ्यावरची बाग; फुकट आहे पण आधी बुकिंग लागतं. मादाम तुसाँ आणि ऑक्सफर्ड, दोन्ही खुशाल गाळा.

अर्धा दिवस उरला तर चॉक फार्म स्टेशनला उतरून 10, किंग हेन्रीज रोडवर जा. 1921-22 मध्ये बाबासाहेब शिकत असताना या घरात राहत होते. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. आतल्या भेटीच्या वेळा आधी बघून घ्या. जवळच प्रिमरोझ हिल आहे, पोरांना गवतावर लोळायला सोडा.

प्रवासाचं सोपं आहे. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्यूब (भुयारी रेल्वे), डीएलआर आणि बसमध्ये फुकट, म्हणजे तुमची दोन्ही. मोठ्यांनी कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवायचं, पण दोघांची दोन वेगळी कार्डं हवीत, एकाच कार्डावर दोघं चालत नाहीत. बसमध्ये रोख घेत नाहीत. पहिले दोन-तीन दिवस पोरं पहाटे चारलाच टक्क जागी होतील, तर भांडू नका, लवकर बाहेर पडा. पोळीभाजीची आठवण फारच आली तर युस्टनजवळ ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी भारतीय हॉटेलं आहेत, भेळपुरीसुद्धा मिळते.

व्हिसाचं शेवटी विचारलंय: युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो त्या शेंगेन व्हिसावर लंडन होत नाही. ब्रिटनचा वेगळा काढावा लागतो, आणि मुलांचे अर्जही वेगवेगळे.