उमरेड रोडच्या शेतात धावपट्टी: पुढे लेआउट आले तर?

भाऊ, तुम्ही विचारलंय की नागपूरच्या उमरेड रोडवरच्या घरच्या शेतात छोट्या विमानांसाठी खाजगी धावपट्टी केली, तर अमेरिकेतल्या लहान पट्ट्यांसारखी तीही वसाहतींच्या पोटात जाईल का. जाऊ शकते. म्हणून स्वतःच्या सातबाऱ्याआधी दोन्ही टोकांच्या शेजाऱ्यांचे सातबारे काढा.

हिशेब बघा. 700 मीटरची पट्टी, दोन्ही बाजूंना मध्यरेषेपासून 30 मीटर आणि टोकांना 30-30 मीटर मोकळं, एवढ्याला सुमारे 11 एकर लागतात. हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, 800 मीटरपेक्षा लहान आणि दिवसा डोळ्यांनी बघून उतरायच्या पट्टीसाठीचं. खरी अडचण त्यापुढे आहे. त्या मोकळ्या जागेच्या टोकापासून 1600 मीटरपर्यंत, दर 20 मीटरला 1 मीटर चढणाऱ्या उताराच्या वर काहीही येता कामा नये. म्हणजे 10 मीटर उंचीचं घर निदान 200 मीटर दूर हवं, 30 मीटरचा मोबाइल टॉवर 600 मीटर दूर. हे सगळं दुसऱ्यांच्या वावरात! शेजाऱ्याने 80 मीटरवर तेवढंच दुमजली घर बांधलं, की उतरायची जागा 120 मीटर आत सरकवावी लागते आणि 700 ची पट्टी उतरण्यापुरती 580 ची होते. तुमची एक इंच जमीनही कोणी घेतलेली नसते. अनेक लहान पट्ट्यांचा शेवट असाच सुरू होऊ शकतो, विक्री नंतर होते.

अमेरिकेची गोष्ट मला फार लागते, कारण तिथे पट्ट्या आणि वसाहती दोन्ही एकाच कायद्यातून वाढल्या. 1944 च्या जीआय बिल या कायद्याने परतलेल्या सैनिकांना विमान शिकायला पैसे दिले, त्यामुळे गावोगावच्या पट्ट्यांवर शिकाऊ विमानांची गर्दी झाली. त्याच कायद्याने घरासाठी कर्जाची हमी दिली. गावाबाहेरची स्वस्त, सपाट, पाणी न साचणारी जमीन दोघांनाही हवी होती. न्यूयॉर्कजवळ लॉंग आयलंडवर 1947 पासून लेव्हिटटाऊन ही घरांची मोठी वसाहत उभी राहिली. जवळच्या रूझवेल्ट फील्ड विमानतळावरून वैमानिक लिंडबर्ग 1927 मध्ये पॅरिसला निघाला होता; ते विमानतळ 1951 मध्ये बंद पडलं आणि तिथे मॉल आला. सरकारी अनुदान घेतलेल्या विमानतळावर साधारण 20 वर्षं तो चालू ठेवायची अट असते. अनुदान न घेतलेल्या खाजगी मालकावर अशी अट नसते. म्हातारा मालक गेला, कर वाढला, वारसांपुढे बिल्डरचा भाव आला की विषय संपतो. ब्रिटनमध्येही पॅनशँगर विमानतळ 2014 मध्ये घरांसाठीच बंद झालं. युद्धात तिथे टायगर मॉथवर वैमानिक शिकले होते.

आपलं नागपूरचं सोनेगाव विमानतळ का टिकलं? 1949 मध्ये रात्रीची टपाल विमानं दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून मध्यरात्री तिथे जमायची. आज मनीष नगर, जयताळ्यापर्यंत घरंच घरं आहेत, तरी 20 किलोमीटरच्या आत उंच बांधायचं तर विमानतळ प्राधिकरणाच्या उंचीच्या नियमांत बसावं लागतं. तुमच्या पट्टीला असं कवच आपोआप मिळेल असं धरून चालू नका.

म्हणून डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, परवानगीच्या मागे लागण्याआधी विकास आराखड्यात टोकांकडच्या जमिनी कोणत्या झोनमध्ये आहेत ते पाहा. पिवळा म्हणजे रहिवासी असेल तर तिथे पट्टी नकोच, माझं मत ठाम आहे. शेती झोन असेल तर शेजाऱ्यांशी उंचीच्या मर्यादेचा नोंदणीकृत करार करा, मोबदला देऊन, आणि पुढच्या खरेदीदारालाही तो लागू राहील असा वकिलाकडून लिहून घ्या. आज एकराच्या भावात हे परवडेल. एकदा कुणी लेआउट टाकून प्लॉट पाडले, की चौरस फुटाच्या भावात नाही परवडणार.

सोनेगावची धावपट्टी 14/32 आहे, म्हणजे वायव्य-आग्नेय. पट्टी नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेने आखतात, म्हणून वाऱ्याच्या ढोबळ अंदाजाला तेवढं पुरे. तुमचं शेत त्या दिशेला सलग किती मीटर भरतं ते मोजून सांगा, मग पट्टी कशी आखायची ते बघू.